पाटा कोण मोडतं

४ जानेवारी १९९९
आमच्या प्रवासी जीपचा मागचा स्प्रिंगचा पाटा पुन्हा मोडला. बाबा म्हणाले, आता आणखी एकदा मोडला तर जीप विकणार आणि मला वाशिंदच्या कंपनीत चिकटवणार. मला काळजी नाही. माझा डिप्लोमा झालाय (एक विषय राहिलाय, किरकोळ). लोखंड एकदम मोडत नाही, थकत थकत मोडतं. त्याला सर्वांत जास्त कोण थकवतं, एवढंच शोधायचं.

५ जानेवारी
सापडलं. कमळाबाई. मुरबाडच्या बाजाराला निघते ती भाजीच्या टोपल्यांसकट. तिला नम्रपणे बंदी केली. तिने भर स्टँडवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

११ जानेवारी
भाताची पोती बंद. टपावर बसणं बंद. मागे लोंबकळणं बंद. जीप हलकी झाली. धंदाही जरा हलका झाला, पण संशोधनात असं चालायचंच.

१२ जानेवारी, संध्याकाळ
वाटेवरच्या नेहाच्या गावाने रस्त्यावर दगडमातीचा स्पीडब्रेकर घातलाय, कमरेएवढा. (माझ्या जीपखाली कोंबडी आली त्याचा राग. कोंबडीचीही चूक होती.) नेहा तिथेच मैत्रिणींबरोबर उभी असते. तिथे मी ब्रेक लावत नाही. ब्रेक लावणारा ड्रायव्हर कुणाच्या लक्षात राहतो? आज जीप काय सुंदर उडाली! नेहा हसली. याचा पाट्याशी संबंध नाही, रोजनिशीत सुखही लिहावं म्हणून लिहिलं.

१७ जानेवारी
धर्मा मास्तर. किडकिडीत आहेत, पण पान थुंकायला सारखे एकाच बाजूला वाकतात. बंद.

२० जानेवारी, सकाळ
आज जीप रिकामी. फक्त मी. पाटा मोडणं अशक्य. बाबांना तसं छातीठोक सांगितलं.

२० जानेवारी, संध्याकाळ
मोडला. ब्रेकरवरून उडून खाली आदळल्या आदळल्या. नेहा आपणहून जवळ आली. पहिल्यांदाच बोलली.
"दादा, आज कशाला मोडलास रे? मी उद्याची पैज लावली व्हती."
माझं उडणं बघून, पाटा कोणत्या दिवशी मोडणार यावर सगळ्या बायापोरी दर वेळी पेरूंची पैज लावतात म्हणे. आज कोण जिंकलं, विचारलं. कमळाबाई.
दादा म्हणाली. फार वाईट वाटलं.

२ फेब्रुवारी, वाशिंद
पहिली शिफ्ट. जीप कमळाबाईच्या जावयाने घेतली. टपावर माणसं, आत पोती, टोपल्या, मास्तर. ब्रेकरवरून मात्र बैलगाडीसारखी हळू काढतो. पाटा शाबूत आहे.
नेहा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसणार.