ठिपक्यावरचं नाव

६ सप्टें. २०१४, शनि. सेम्बावांग, सिंगापूर
माझ्या फ्लॅटमेटच्या, आयगुलच्या देशातली निवडणूक झाली. मध्य आशियातला तिचा देश. नाव इथेही लिहीत नाही. सत्ताधारी पक्ष जिंकला, जसा दर वेळी जिंकतो. दुपारी फ्लॅटवर दोघींनी निकालाचा आलेख काढला. एक मतदान केंद्र, एक ठिपका. आडवं: मतदान किती. उभं: त्या पक्षाला मतं किती. आकडे सरकारनेच जाहीर केलेले. सगळे ठिपके वर उजव्या कोपऱ्यात गर्दी करून. एकच खाली, एकटा. आयगुलच्या वडिलांच्या शाळेचा. तिकडे मुख्याध्यापकच केंद्रप्रमुख, आणि मुख्याध्यापक व्हायचं तर पक्षाचं सदस्य असावंच लागतं. वडील मुख्याध्यापक, म्हणून तेही आहेत. फक्त मतं जशी होती तशी मोजली.
तिने हौसेने त्या ठिपक्यावर शाळेचं नाव टाकलं. मी अक्षांची नावं नीट केली.

८ सप्टें., सोम.
आलेख तिने ऑनलाइन टाकलाय. वडिलांचा फोन आला, स्पीकरवर. ते रशियनमध्ये, ती मला सांगत होती: "आमच्या केंद्रावर म्हातारे आजारी पडले, आले नाहीत. शेजारच्या केंद्रावर मेलेलेसुद्धा वेळेवर हजर!" खूप हसलो.

१७ सप्टें., बुध.
आयगुलच्या वडिलांना शाळेतून काढलं. कारण आलेख. रोज सकाळी पक्षाच्या जिल्हा कार्यालयात बोलावतात, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवतात. विचारत काहीच नाहीत.
वन-नॉर्थच्या ऑफिसात आयगुल माझ्या शेजारच्या डेस्कवर. स्क्रीन काळी झाली तरी तिकडेच बघत होती. कॉफी आणून ठेवली. याहून जास्त काय करणार...

२१ सप्टें., रवि.
आईला फोनवर सांगितलं.
"तू यात पडू नकोस हं. परक्या देशात, वर्क पासवर आहेस."
म्हटलं, पडण्यासारखं माझ्या हातात काही नाहीच.
थोड्या वेळाने: "बाकावर बसवतात म्हणतेस, जेवायला तरी देतात का गं?"
हे मला सुचलं नव्हतं. आयगुलला विचारलं. देत नाहीत.

२४ सप्टें., बुध.
पक्षाचा निरोप. मुलीने आलेख चुकीचा होता असं जाहीर करावं. नुसता काढून टाकून भागणार नाही. नेमकी चूक कुठे, ते सांगायचं. मग शाळा परत.
आयगुल: "माझ्या भातातल्या पाण्यातसुद्धा तू चूक काढतेस. यात एक काढ ना."
जेवणाच्या सुटीत सगळं तपासलं. चूक नाही.

२८ सप्टें., रवि.
पुन्हा तपासलं. चूक दाखवायचीच तर पक्षाला चालेल अशी जागा एकच: आयगुलच्या वडिलांच्या शाळेचा आकडा. मोजणाऱ्याने मोजणी चुकवली, असं म्हणायचं. दोन वाक्यं लिहून तिच्यासमोर ठेवली.
तिने वाचली. "म्हणजे बाबांना मोजता येत नाही, असं मी लिहायचं?"
"दुसरं काही सापडलं नाही."
"ते गणित शिकवतात."
"माहीत आहे."
तेवढ्यात त्यांचाच फोन. आज स्पीकर लावला नाही. खोलीत गेली, दार लावून घेतलं. दोन वाक्यं टेबलावरच आहेत. आतून मधूनमधून फक्त "दा, पापा. दा." म्हणजे हो, एवढं रशियन आता येतं. कशाला हो, ते दार उघडल्यावरच कळेल.