ताईच्या इंजिनातलं शिळं पेट्रोल

ताई,

खिडक्या उघड्याच राहू दे आणि वास जाईपर्यंत गॅस पेटवू नकोस. आपल्या होडीचा कार्बोरेटर मी ओट्यावरच खोलला होता.

आपलं भांडण झाल्यापासून तू इंजिनाला हात लावला नाहीस आणि मी शिडाला. "माझ्यावाचून ते इंजिन हूं की चूं करणार नाही," असं बजावून तू तोंडाला कुलूप लावलंस, म्हणून ही चिठ्ठी.

तर वाच. पेट्रोल पडून पडून नासलं होतं. कार्बोरेटरच्या वाटीत त्याचा नुसता डिंक झाला होता आणि पेट्रोल जायचं बारीक भोक पार बुजलं होतं. वायर सोलून तिच्यातल्या तांब्याच्या एकाच तारेने मी ते मोकळं केलं. घासायला तुझा टूथब्रश घेतला. नवा आणून ठेवलाय. नासकं पेट्रोल गच्चीत, घट्ट झाकणाच्या डब्यात आहे.

मग धक्क्यावर जाऊन कार्बोरेटर बसवला, ताजं पेट्रोल भरलं आणि दोरी ओढली. इंजिन दोनदा खोकलं आणि मग असं धडधडलं, की राखणदार हातातला चहा टाकून धावत आला. "मोठ्या ताई आल्या वाटतं," म्हणाला. मी म्हटलं, नाही, धाकटी आहे.

संध्याकाळी वारा चांगला असेल. ये. आज इंजिन मी चालवीन, शीड तू उभारायचंस. कुठला दोर ओढायचा हे तुला ठाऊक नाही, तेव्हा मला विचारावं लागेल. चिठ्ठीने नाही, तोंडाने.

धाकटी