मुळासकट झाडाची ताटली

माय, तुझी ती झाडाची ताटली नवी नव्हती. आधी हेच सांगून टाकते. मला गोष्ट लांबवता येत नाही, आणि लिहिता तर त्याहून येत नाही. दुसरीत शाळा सुटली ती धाकट्यांना कडेवर घ्यायला, हे तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या नातीचं लग्न ठरलंय. रुखवत मांडून बघत होतो. स्टीलचे डबे, समई, मी टिकल्या भरलेली तोरणं, आणि मधोमध मी ती ताटली ठेवली. तुझी नणंद, आमची फुई, दारात वाती वळत बसलेली. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. चार बायांदेखत म्हणाली, "ती चोरीनी ताटली शे. व्याह्यांपुढे मांडू नको." तू असताना ती हे तुझ्यामागे बोलायची, आता तर मोकळंच रान. बाया हसल्या नाहीत, हेच मला लागलं.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. नानपुऱ्यातल्या पारसी बाईंचं काम सोडलंस, तेव्हा बाईंनी बाजारातून नवी कोरी आणून तुझ्या हातात ठेवली. तू ती लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलीस. दिवाळीला काढायचीस आणि आम्ही भोवती बसायचो. चिनी मातीवर पिवळं फूल, खाली केसाळ मूळसुद्धा काढलेलं, बाजूला शेंग चिरून आतले दाणे. मी विचारते, फूल काढावं ना, मूळ कशाला? तू म्हणतेस, काढणाऱ्यानं निंदताना पाहिलं असंल. त्यात जेवायला मात्र तू कधी वाढलं नाहीस. खापराचा विटाळ धुतला तरी जात नाही, म्हणायचीस.

आपली भांडी बरी. डबा उलटा केला की कोणी दिला, कधी दिला, सगळं कोरलेलं असतं. भांडण तिथंच मिटतं. या ताटलीच्या पाठीवर निळा शिक्का आणि एक ओळ, ती लेकीलाही लागली नाही, आणि ती मॅट्रिक आहे. मग मी ताटली टॉवेलात गुंडाळली आणि नवागामहून चौकबाजार गाठला. तिथं जुना माल घेणारे एक व्होरा चाचा बसतात. लोक त्यांच्याकडे आपली वस्तू जुनी आहे म्हणवून घ्यायला जातात. मी म्हटलं, चाचा, ही नवी आहे एवढं सांगा, मला घाई आहे.

चाचांना घाई नव्हती. त्यांनी टवका गेलेल्या काठाखालून अंगठा फिरवला आणि माझंही बोट तिथं टेकवलं. तिळाएवढे उंचवटे लागले. भट्टीत ताटल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून टेकू लावत, त्याची ती खूण. मग भिंग दिलं. मी डोळा लावला आणि घाई विसरले. काळी रेघ छापलेली, पण रंग हातानं भरलेला. एका पानाचा हिरवा रंग रेघेबाहेर सांडलाय. मी साड्यांना टिकल्या लावते, मला कळतं. कुणाचा तरी हात दिवस मावळता मावळता थकला होता. इतकी वर्षं ताटली घरात, आणि हे मला दिसलं नव्हतं. मूळ कशाला, तेही विचारलं. ही चित्रं आधी झाडपाल्याच्या पुस्तकातली, म्हणाले. औषध करणाऱ्याला झाड मुळापासून बीपर्यंत ओळखता यावं म्हणून. पाठीवरची ओळ म्हणजे त्या झाडाचं नाव, डॉक्टर लोकांच्या जुन्या भाषेत. आणि शिक्क्यात बनवणाऱ्या देशाचं नाव नाही. नंतरच्या मालावर ते घालावं लागायचं. "बेन, आ नवी नथी," चाचा म्हणाले. "तमारी मानी मा करतां जूनी छे."

माझं तोंड उतरलं. आजीहून जुनी, म्हणजे तू खोटं बोललीस. आणि अशा बाबतीत माणूस खोटं कशाला बोलतं? मी बाईंचं नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, चोरीची असेल का. चाचा आत गेले आणि तसल्याच आणखी ताटल्या घेऊन आले. त्याच बाईंच्या घरच्या, वारसांनी घर विकलं तेव्हा आलेल्या. प्रत्येकीवर वेगळं झाड. त्यांच्या काठाचं सोनं पिवळंधमक, मधे सुऱ्यांचे बारीक चरे. तुझ्या ताटलीचं सोनं नावाला उरलंय, चरेसुद्धा घासून बुजलेत. बाकीच्या साबूनं धुतल्या, चाचा म्हणाले, ही राखेनं, आणि बरीच वर्षं.

आपल्या घरी तर ती कधी घासायला पडलीच नाही. चाचांनी ताटली पालथी ठेवली होती, निळा शिक्का वर. आणि मला ती खिडकी दिसली. मला ताप होता म्हणून एकदाच तू बाईंच्या घरी घेऊन गेलीस, मागच्या अंगणात बसवलंस. संडासाच्या खिडकीत एक कप आणि एक ताटली उभी आहे, निळा शिक्का माझ्याकडे. मी विचारते, ही कुणाची? तू म्हणतेस, गप बस.

तुझीच होती. काठाचा टवका गेला म्हणून मांडणीतून काढलेली आणि कामवालीला वेगळी लावलेली. तुझी तू घासायचीस, आपल्या सवयीनं राखेनं. काम सोडल्यावर त्यात दुसरं कोण जेवणार? दिली तुला.

म्हणजे चोरी नाही. पण फुईचं तोंड बंद करायचं, तर तू लपवलेलं उघडं करायचं. परतीच्या बसमध्ये उधन्यापर्यंत माझं ठरेना. घरी आले, फुईपुढे बसले आणि ती खिडकी तेवढी सोडून सगळं सांगून टाकलं. लेकीच्या मांडवात चोर हा शब्द मला नको होता, मग तू रागावलीस तरी चालेल.

फुईचे हात थांबले. म्हणाली, "मनी ते जर्मलनी व्हती." तिनंही धुणीभांडी केली होती, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिची ताटली जर्मलची, म्हणजे हलक्या ॲल्युमिनियमची, काठ चेपलेली, आणि काम सुटलं तेव्हा तीही तिला दिली नाही. मग पुन्हा वात वळायला घेत म्हणाली, मांड ती ताटली, पण मधोमध नको, पोरं हात लावतील.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच आहे, म्हणून एवढंही लिहिते. बाईंच्या घरी तुझी ताटली कुठं ठेवायचे, असं फुईनं मला विचारलं. मी म्हटलं, फडताळात, बाकीच्यांच्या शेजारी. तिची कुठं ठेवायचे, ते मी विचारलं नाही.