आजीच्या तोंडचा घास

नोङफाय,
२ जून १९६३

चि. चान्थी हिस बुआलायचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बँकॉकचा सुटा भात चमच्यानं खाऊन कंटाळलीस म्हणे! खा मुकाट्यानं. फक्त आपल्या चिकट भाताचा गोळा वळायला विसरू नकोस, नाहीतर आई तुला आपल्या घराची शिडी चढू देणार नाही. मला सातवा लागलाय. तुझे भावजी म्हणतात, मुलगीच हवी, म्हातारपणी घर सांभाळेल. जणू मी मडकं घडवतेय!

आता मुद्द्याचं लिहिते. तुझ्या पोराला, तुयला, बरं नाही. दोन वर्षांचा झाला, पण ‘तुय’ म्हणजे गुटगुटीत हे नावापुरतंच राहिलं. लघवीला उभा राहिला की किंचाळतो, हातानं ओढत राहतो. थेंब थेंब होते, कधी लाल, आणि अंगातला ताप हटत नाही. आई म्हणाली, बांधावरच्या झाडाचा देव कोपला, म्हणून तिनं मनगटाला दोरे बांधले. शेवटी आम्ही त्याला उबोनच्या दवाखान्यात नेलं. मूत्राशयात खडा आहे.

डॉक्टरांनी विचारलं, जन्मल्यापासून काय भरवलंत? आई मोठ्या तोऱ्यात म्हणाली, पाचव्या दिवसापासून मी स्वतः भात चावून, केळीच्या पानात भाजून भरवलाय, दोन्ही मुली अशाच वाढवल्या. डॉक्टर म्हणाले, तान्ह्याचं पोट भातानं भरलं की दुधाला जागा उरत नाही, त्यातून हे खडे होतात, आणि या भागात गावोगाव हेच चाललंय. आत्ता भूल दिली तर पोर उठणार नाही. महिनाभर दूध, अंडी, मासळी द्या, ताप उतरू द्या, मग काढू. वाटेत आई एकच विचारत होती, मग तुम्ही दोघी कशा जगलात?

दुधाचं काही जमतं का बघ. आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई
बुआलाय


बँकॉक,
१४ जून १९६३

ती. ताईस चान्थीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. इथं मालकिणीचं बाळ माझ्या मांडीवर बाटली संपवतं आणि खुशाल ढेकर देतं. मी त्याची पाठ थोपटते आणि माझं पोर तिकडं कण्हतं. कुणाला सांगू?

रडतच मालकिणीपुढं उभी राहिले. बाई मनाची चांगली आहे, दूधपावडरीचे चार डबे दिले. गावाकडं निघालेल्या ट्रकवाल्यापाशी पाठवते आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवायची. तू आता लावणीला शेतावर जाशील, म्हणून डबे आईच्याच हाती दे. नातवावर तिच्याइतका जीव कोण लावणार? भावजींना सांग, मडकं जपून.

तुझ्या मायेची भुकेली,
चान्थी


नोङफाय,
२४ जुलै १९६३

प्रिय चान्थी,

आडून लिहिण्यात अर्थ नाही. आपला तुय गेला. जंगलाच्या कडेला त्याला मातीत ठेवलं.

मी लावणीसाठी शेतातल्या खोपटात राहत होते. परत आले तर पोर होतं त्याहून वाळलेलं. दूध देतेस ना, म्हणून आईला विचारलं तर म्हणाली, दिलं की, विहारात. पावसाळ्याचा वर्षावास बसला त्या सकाळी तिनं चारही डबे भिक्खूंना दान केले. एवढं महागाचं दान गावात कुणी केलं नव्हतं. त्याचं पुण्य तुयच्या अंगी लागेल, खडा विरघळेल, असं तिच्या मनात. स्वतः एक चमचा चाखला नाही गं तिनं.

मी तशीच विहारात गेले. मोठ्या भन्तेंनी उरलेले दोन डबे काढून दिले. आई वाटेत आडवी आली, पायावर पडली. म्हणाली, दान परत घेतलंस तर पोर हाती लागणार नाही. मी तिला ओलांडून गेले. रात्रंदिवस दूध पाजलं, पण लघवीच तुंबली. उबोनला नेलं, लगेच चिरलं. सुपारीएवढा खडा निघाला. ताप काही उतरला नाही.

आई आता म्हणते, दान परत आणलं म्हणून गेला. मी म्हणते, दिलं म्हणून गेला. एका घरात आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता जेवतो.

तू रड, पण उपाशी राहू नकोस. माझ्यावरची माया काढून घेऊ नकोस.

बुआलाय


बँकॉक,
५ ऑगस्ट १९६३

ताई,

आईला नमस्कार लिहीत नाही. तिला एवढंच वाचून दाखव. तुझ्या बाळाच्या ओठाला तिच्या तोंडचा भात लागला, तर मी पुन्हा त्या घराची शिडी चढणार नाही. ती मेली तरी नाही.

चान्थी


नोङफाय,
१ सप्टेंबर १९६३

चि. चान्थीस अनेक आशीर्वाद.

मुलगी झाली. तुझे भावजी गावभर सांगत फिरतायत. मी रीतीप्रमाणं विस्तवाजवळ निजून आहे, पाठ भाजून निघालीय.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं होतं. ऐकून घेतलं आणि तांदूळ भिजत घालायला उठून गेली, बस.

काल पाचवा दिवस. दूध अजून नीट उतरलेलं नाही, पोरगी भुकेनं आक्रोश करत होती. माझा डोळा लागला होता. जागी झाले तो आई तिला मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी केळीचं पान, आणि तिचं तोंड हलत होतं. मी कोपरावर उठले. तेवढ्यात तिचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि तोंड हलायचं थांबलं. भात थुंकणं तिच्या लेखी पाप. पोर टाहो फोडतंय आणि ही घास तोंडात धरून बसलीय, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग तिनं तो गिळला. घशातून उतरेना, तरी गिळला.

पोरीला माझ्या अंगाशी लावलं आणि म्हणाली, ओढू दे, ओढलं की येईल. केळीचं पान तिनं विस्तवात टाकलं. दूध रात्री उतरलं.

आज सकाळी आपण होऊन जवळ बसली. म्हणाली, चान्थीला लिही, मी भरवला नाही. आणि विचार, शिडी चढशील का?

मी विचारलंय. तुझ्या उत्तराची आम्ही तिघी वाट बघतो.

तुझी
ताई