सोळा फूट तीन इंच

महाड,
२ मार्च २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे मजेत. आईचा गुडघा दुखतो, पण बाजाराला जाताना नाही, फक्त दवाखान्यात जाताना. तू आणि ललितावहिनी बरे असाल. फोनवर तू "हां, बोल" म्हणतोस आणि मला पुढचं काही सुचत नाही, म्हणून हे पत्र.

मोठं काम आलंय. एमआयडीसीत तयार झालेली एक टाकी घाटापलीकडे लोटे गावाला न्यायची आहे. आडवी साठ फूट लांब आणि ट्रेलरवर चढवली की जमिनीपासून सतरा फूट उंच. कमलाकर शेठनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "बघ बाय, तुझ्याच्यानं होतंय काय." मी म्हटलं, होतंय काय विचारता, कधी न्यायचं ते सांगा. हसू नकोस. तुझी बहीण आता पक्की झालीये. यार्डात सहा ड्रायव्हर आहेत आणि साखळ्या आवळल्यावर मला दाखवल्याशिवाय एकही जण गाडी हलवत नाही.

टाकीखालचे लाकडी ठोकळे मी समोर उभी राहून गोलाईप्रमाणे कापून घेतले. सुतार म्हणाला, अर्धा इंच इकडेतिकडे चालेल. मी म्हटलं, तुमच्या दरवाजाला चालेल. परवानग्या आल्या आहेत. वीस मार्चच्या आसपासची तारीख मी मागितलीच नाही. चवदार तळ्यावर एवढी माणसं आलेली असताना शहराजवळून साठ फुटी ट्रेलर कोण काढणार? शिवाय त्या दिवशी आईला तळ्यावर न्यायचं असतं. चोवीस तारखेला सकाळी सातला निघायचं.

रस्ता दोनदा पाहून झाला. पोलादपूरपर्यंत चौदा ठिकाणी वायरी आडव्या येतात. त्यांतल्या तीन उचलाव्या लागतील, वायरमन बरोबर असेल. एवढी उंची बोगद्यात बसत नाही, म्हणून कशेडीच्या जुन्या घाटानेच जायचं ठरलंय. घाटात दोन वळणं अशी आहेत की ट्रेलरची मागची बाजू दरीवरून फिरणार. पहिलं मी चालत मोजलं. दुसऱ्यावर उभी राहिले तेव्हा तू आठवलास. शेठही तेच म्हणाले, "इथं धम्मपालच पायजे." एवढा लांब माल या वळणातून काढलेला आपल्याकडे तू एकटाच.

म्हणून विचारते, रजा काढून येशील का? भिवंडीच्या गोदामाबाहेरची वॉचमनची खुर्ची काही कुणी पळवून नेणार नाही. त्या कमानीचं नाव आता इथे कुणी काढत नाही. गावाने नवी बांधली, पहिलीपेक्षा चांगली. जाऊ दे तो विषय.

आई म्हणते, "त्याला लिव गो, चार वर्सं झाली, तल्यावर पण आला नाय. आईस हाय का गेली, ते तरी बगायला ये म्हनावं." जसंच्या तसं लिहायला सांगितलंय.

वाट बघते.

तुझी,
शर्मिला


महाड,
११ मार्च २०२५

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "ज्या हातांना कमानीचा मध्य सापडला नाही, त्यांना दरीवर नेऊ नको. दुसरा ड्रायव्हर बघ." आईने मला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा मला वाचता आलं नाही.

मागच्या पत्रात मी "जाऊ दे तो विषय" असं लिहिलं. चार वर्षं मी तो विषय जाऊच देत आले, आणि त्यात माझं भलं झालं. आता नीट वाच.

चार वर्षांपूर्वी नेली ती पाणी योजनेची टाकी होती. माल सोळा फूट उंच. ट्रेलर नेण्याआधी जीपवर काठी बांधून रस्ता पाहायला मीच गेले होते. काठीचं टोक जमिनीपासून सोळा फूट तीन इंचांवर ठेवलं होतं. काठी जिथून निघेल तिथून माल निघणारच, एवढा साधा हिशोब. नाक्यावर कमानीच्या गावच्या आठ बाया उभ्या होत्या. एसटी आली नव्हती आणि प्रत्येकीजवळ तांदळाची गोणी होती. त्यांतली तुळजाबाई म्हणाली, "आमाला ने गो बाय, उनात जीव चाललाय." मी सगळ्यांना गोण्यांसकट बसवलं. त्यांच्या गावच्या कमानीखालून काठी केसभर फटीने निघाली. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी वहीत लिहिलं, "मधोमध घेतल्यास मोकळं," आणि खाली सही केली.

तीन दिवसांनी त्या सहीवर भरवसा ठेवून तू ट्रेलर नेलास आणि कमान खाली आली. नशीब, कुणाला लागलं नाही. कमान मध्ये उंच, कडेला उतरती. पडली ती आधी डाव्या बाजूने, म्हणून सगळे म्हणाले, धम्मपालने गाडी डावीकडे ओढली. शेवटी तूही म्हणालास, "ओढली असंल." तू मान खाली घालून उभा होतास आणि मी तुझ्या शेजारी उभी होते.

आठवड्याने मला शंका आली. यार्डात कुणी नव्हतं. रिकाम्या जीपवरची काठी मोजली, बरोबर होती. मग मागे सिमेंटच्या गोण्या भरल्या आणि पुन्हा मोजली. जीप चार इंच खाली बसली होती. म्हणजे बायांच्या आणि तांदळाच्या वजनाने माझी काठी मालापेक्षा एक इंच बुटकी झाली होती, दादा. तू गाडी कशीही घेतली असतीस तरी माल अडकलाच असता. मी कमान पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणून पाहिली आहे. तू मधोमधच होतास.

या नोकरीत तूच मला लावलं होतंस. पाच महिने झाले होते. "पोरीला कशाला घेतली या कामात" असं म्हणायला अर्धं यार्ड टपलेलं होतं. मी घाबरले. मग तू भिवंडीला निघून गेलास आणि सांगणं दर महिन्याला आणखी अवघड होत गेलं. तू स्वतःला दोष देत राहिलास आणि मी देऊ दिला. मला याची फार लाज वाटते.

काल सकाळी सहाही ड्रायव्हरांसमोर शेठना सगळं सांगितलं. जीपमध्ये गोण्या भरून, काठी मोजून दाखवली. शेठनी टेप हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "या टाकीचा रस्ता तुझ्या सहीवर जानार नाय." माझं पुढे काय करायचं ते चोवीस तारखेनंतर ठरवणार आहेत. मला ते मान्य आहे. काढून टाकलं तरी मला काम येतं, मी दुसरीकडे उभी राहीन. रडत बसणार नाही.

रस्ता आता पुन्हा मोजायचा आहे. ते काम शेठनी तुझ्यासाठी ठेवलंय, अठरा तारखेपर्यंत थांबतो म्हणाले. घाटातल्या वळणांची माझी मापं सोबत आहेत. माझ्या मते चोख आहेत, तरी त्यांच्यावर जाऊ नकोस, स्वतः मोज. आणि यायचंच नसेल तर नको येऊस, पण ते मन होत नाही म्हणून, नाहीतर माझा राग आला म्हणून. हाताला मध्य सापडत नाही हे कारण मात्र आता चालणार नाही.

आईला अजून काही ठाऊक नाही. हे पत्र पेटीत टाकते आणि इथूनच घरी, आपल्या नाते गावाला, तिला सांगायला जाते.

माफ कर असं लिहून खोडलं. ते मागायचा हक्क तू दिलास तरच.

तुझी धाकटी,
शर्मिला