करंजाच्या तेलाची रेघ

आये, आज तुला सांगावी अशी गोष्ट घडली. उंबरमाळीच्या आपल्या पाड्यावरची तुझी मुलगी मुरबाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे तू पाहिलं नाहीस; त्याआधीच गेलीस. पण करंजाचं तेल तू माझ्याहून जास्त ओळखतेस, म्हणून तुलाच लिहिते.

भाताची रोपं टाकायच्या आधी भर उन्हाळ्यात आपण वावरात पालापाचोळा पसरून जमीन भाजायचो. निघण्याआधी तू चुलीपाशी बसून बियांतून गाळलेलं ते पिवळं, कडू वासाचं तेल माझ्या तोंडाला, मानेला चोळायचीस. मी आठवीत असेन. "आये, नको ना. शालंत पोरी नाक दाबतात," मी अंग चोरत म्हटलं. तू माझी हनुवटी धरून म्हणालीस, "पोरी नाक दाबतात, ऊन कातडं सोलतं. कोनाला भ्यायचं गो?" त्या दिवशी मी ओढ्यावर जाऊन तेल खसखसून धुतलं. संध्याकाळपर्यंत मान टोमॅटोसारखी लाल झाली आणि रात्रभर कूस बदलता येईना. तुला सगळं कळलं होतं, तरी तू रागावली नाहीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल लावलंस, जुनं लुगडं फाडून त्याचा फडका मानेला गुंडाळलास आणि एवढंच म्हणालीस, "एकटं तेल काय काय करील? वरून फडका पायजेच."

यंदा माझ्या विद्यार्थिनी घरगुती तेलं तपासत होत्या. कुठलं तेल उन्हातले डोळ्यांना न दिसणारे, कातडी जाळणारे अतिनील किरण अडवतं, हे पाहायचं होतं. शहापूरकडच्या एका मुलीने करंजाचं तेल आणलं आणि वास सुटताच वर्गात हशा पिकला. ती बाटली पिशवीत परत घालू लागली. "मॅडम, ऱ्हाऊ द्या. ह्ये नाय लावत आता कोनी." मी तिच्या हातून बाटली घेतली, आठ थेंब द्रावणात मिसळले आणि काचेची कुपी किरण किती अडतात ते रेघेने दाखवणाऱ्या मशीनमध्ये ठेवली. खोबरेलाची रेघ पडद्यावर तळाशीच रेंगाळली होती. करंजाची अशी वर चढली, की मला मशीनच बिघडलं असं वाटलं. कुपी धुतली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही तेच! बियांमधली कडू द्रव्यंच ते किरण शोषून घेत होती. आये, ज्याने तेल कडू, त्यानेच ते कामाचं!

आता हसणं थांबलं होतं. सगळ्या जणी पडद्याला चिकटल्या. ती मुलगी व्हरांड्यात धावली आणि आजीला फोन लावून ओरडली, "आजे, तुजं तेल पास झालं!" पलीकडून आवाज असा खणखणीत, की आत आम्हालाही ऐकू आला: "कोनी घेतली त्याची परीक्षा? आमी काय नापास झालतो?" मी इतकी हसले, की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग फळ्यावर लिहिलं: नुसत्या तेलावर भागत नाही, सावली आणि कपडा हवाच. ते वाक्य तुझं होतं, आणि तसं मी मुलींना सांगितलंही. कुणीतरी विचारलं, "तुमची आई डॉक्टर होती का?" मी म्हटलं, "नाही, ती उन्हात राबायची." पोरींनी टाळ्या वाजवल्या, आये, तुझ्यासाठी.

हा कागद कुठे पाठवायचा, ते मला ठाऊक नाही. तुला तर अक्षरओळखही नव्हती. आज असतीस, तर मीच तुला मांडी घालून वाचून दाखवला असता, आणि खरं सांगते, वाचताना माझ्या हुशारीची चार वाक्यं मनानेच वाढवली असती.