सरळ शिवलेली बाही

अम्मी, आज ऑफिसात एक कागद लिहून पुरा केला. आदिवासी बायकांवर किंवा तृतीयपंथी माणसांवर अत्याचार झाला, तर मदत करणाऱ्याने कसं वागावं, त्याची तत्त्वं. पहिलंच लिहिलं : आपण ठरवू नका, आधी त्या माणसाला विचारा. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र जेद्दाच्या जुन्या बलद वस्तीतली आपली खोली होती, आणि गळ्यात टेप घालून मशीनवर बसलेली तू.

सौदीकरणात अब्बांचं दुकानातलं काम गेलं, तेव्हाची गोष्ट. काउंटरवर आता सौदीच हवा म्हणून कफीलने, व्हिसा देणाऱ्या मालकाने, हात वर केले होते आणि घर तुझ्या शिलाईवर चाललं होतं. जेद्दातल्या मराठी बायका म्हणायच्या, हिच्या हातचा कपडा परत आणावा लागत नाही. त्यातल्याच एका मॅडमचे कपडे घेऊन ती येऊ लागली. आपल्या रायगडातली कातकरी पोर, घरकामाला आणलेली. मॅडमचा ड्रायव्हर खालीच थांबायचा, कारण बायकांची मापं घेतात त्या खोलीत पुरुष येत नसे. तिचं मनगट काळंनिळं झालेलं. तू तिला आपल्याच कपात चहा दिलास आणि विचारलंस, "तुला काय पायजे, बाय? तू सांगशील तेच करू." तिने बाही ओढून मनगट झाकलं. ती गेल्यावर मीच उसळले, "अम्मी, पोलिसांना सांग ना!"

"आणि त्यांनी तिला परत त्याच घरात धाडली तर? मार तू खाणार हायस?"

मग नवलच झालं. त्या मॅडमच्या कपड्यांत तुझ्या हातून चुका व्हायला लागल्या. कधी एक बाही बोटभर आखूड, कधी गळा तिरका. कपडा परत यायचा आणि घेऊन तीच यायची. फोनवर मॅडम तोंडाला येईल ते बोलायच्या. तू शांतपणे म्हणायचीस, "हात बसत नाय आता. धाडा परत." तू उसवत बसायचीस आणि तेवढ्या वेळात ती थोडंथोडं बोलायची. चूक मुद्दाम होती, हे मला फार उशिरा कळलं. ज्या नावावर आपण जेवत होतो ते तू आपल्याच हाताने उसवलंस, अम्मी!

मध्ये एकदा मात्र बाही सरळ निघाली. कपडा परत आला नाही, म्हणून तीही आली नाही. तीन आठवड्यांनी नवा कपडा घेऊन ती आली, तेव्हा तिचा पुढचा दात नव्हता. त्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "माझा पासपोर्ट माझ्या हातात पायजे." तू तिच्याबरोबर भारतीय वकिलातीत गेलीस. मीही होते. दारात तिला पुढे केलंस आणि स्वतः मागे उभी राहिलीस. बोलली तीच, सगळं, न रडता.

पासपोर्ट मिळून ती रायगडात घरी पोचली तरी तू तो दात विसरली नाहीस. "सवयीनं हात सरळ गेला माझा," असं शेवटच्या आजारपणातही म्हणालीस. मी तुझे पाय चेपत होते.

या पत्राला पत्ता नाही, म्हणूनच लिहायला धजले. ती बाही मी सरळ केली होती, अम्मी. बायका तुला हसत होत्या ते मला सोसवेना, म्हणून तू नमाजला बसलीस तेवढ्यात उसवून शिवली. तुला विचारलं नाही.